सोलापूरहून पावनखिंडीकडे : पावसाळी पदभ्रमंतीची तयारी

पन्हाळगड ते पावनखिंड ही दर पावसाळ्यात हजारो पावले तुडवतात अशी वाट. 12 जुलै 1660 च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी पाठलागावरची फौज अडवून धरली आणि ही खिंड पुढे पावनखिंड म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या प्रवासाची आठवण म्हणून आषाढ पौर्णिमेच्या सुमारास राज्यभरातून मंडळी ही वाट चालायला येतात. सोलापूर जिल्ह्यातूनही दरवर्षी तरुणांचे गट, शाळा-महाविद्यालयांची पथके आणि गिर्यारोहण मंडळे निघतात. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, चढ-उतार मध्यम, वाटेत वाड्या-वस्त्या. कागदावर ही पदभ्रमंती अवघड वाटत नाही. अवघड असतो तो पाऊस.

सोलापूर पर्जन्यछायेत येते. जिल्ह्यात वर्षभरात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरात येतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर सोलापूरपर्यंत पोचताना त्याच ढगांत फारसे काही उरत नाही. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तर तो अत्यंत मुसळधार समजला जातो. म्हणजे सोलापूरच्या वर्षभराच्या पावसाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग घाटमाथ्यावर एका दिवसात कोसळू शकतो. चालण्याची सवय सोलापूरकरांना आहे. कोजागरीला रात्रभरात तुळजापूर गाठणारे हजारोंनी आहेत आणि वारीची परंपरा तर घरोघरी आहे. सवय नसते ती दिवसभर ओले राहून चालण्याची. म्हणून तयारीचा भर ताकदीपेक्षा ओलाव्यावर आणि माघारीच्या निर्णयावर असला पाहिजे.

वाट कशी आहे

पन्हाळ्याच्या पुसाटी बुरुजाकडून वाट उतरते आणि थोड्याच वेळात मसाई पठारावर चढते. हे पठार जांभ्या खडकाचे आहे. वर मसाई देवीचे मंदिर, बाजूला डोंगरात कोरलेली लेणी आणि चहूबाजूंनी उघडा सडा. पावसाळ्यात इथे धुके इतके दाटते, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पठार संपल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी अशा वाड्या लागतात. मधल्या टप्प्यात भातखाचरांचे बांध, लाल चिखलाच्या पायवाटा, दाट झाडी आणि असंख्य ओढे आहेत. पुढे पांढरेपाणी गावापाशी गाडीरस्ता भेटतो आणि तिथून पावनखिंड जवळ येते. कासारी नदी याच परिसरात उगम पावते आणि पुढे पंचगंगेच्या प्रवाहात सामील होते. वाटेवरचे बहुतेक ओढे या नदीला पाणी पुरवतात, त्यामुळे नदीची खबर ठेवली की वाटेची खबर आपोआप मिळते.

केव्हा जावे, किती दिवसांत जावे

पुष्कळ गट ही वाट दोन दिवसांत उरकतात. डांबरी रस्त्यावर तासाला चार-पाच किलोमीटर चालणारा माणूस चिखलात, ओझ्यासह आणि पावसात दोन-अडीच किलोमीटरच चालतो. पंचवीस किलोमीटरचा दिवस म्हणजे विश्रांती न धरता किमान दहा तासांची चाल झाली. जुलैत दिवस मोठा असला, तरी ढगाळ हवेत आणि झाडीत सहाच्या सुमारास अंधारून येते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीन दिवसांचे नियोजन करावे आणि चौथा दिवस राखीव ठेवावा. राखीव दिवस असला, की फुगलेल्या ओढ्याकाठी थांबण्याची मनाची तयारी राहते. सोमवारी कामावर हजर व्हायचेच आहे असा गट धोका पत्करून पाण्यात उतरतो.

ऐतिहासिक तिथीच्या आसपास गर्दी मोठी असते, वाट तुडवून निसरडी झालेली असते आणि मुक्कामाच्या जागा कमी पडतात. तिथीचा आग्रह नसेल, तर ऑगस्टचा उत्तरार्ध सोयीचा असतो. पाऊस थोडा उघडतो, सड्यावर रानफुले येऊ लागतात, ओढेही आटोक्यात येतात.

निघण्याआधीच्या आठवड्यात हवामान विभागाचा कोल्हापूर जिल्ह्याचा अंदाज रोज पाहावा. तिथे घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा असेल तर तोच धरावा, कोल्हापूर शहराचा अंदाज या वाटेला लागू पडत नाही. पिवळा इशारा म्हणजे सावध राहणे, नारंगी म्हणजे बेत पुढे ढकलण्याची तयारी ठेवणे आणि लाल म्हणजे घरीच थांबणे. जोराच्या पावसात जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढते. ते लागू असतील तर निघूच नये. दुसरी खूण पंचगंगेची. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे सरकत असेल, तर वरच्या खोऱ्यात पाऊस मुरायचा थांबून वाहू लागला आहे असे समजावे.

शरीराची तयारी

किमान सहा ते आठ आठवडे आधी सरावाला लागावे. सोलापूर सपाट आहे, त्यामुळे चढ मुद्दाम शोधावा लागतो. आठवड्यातून दोनदा इमारतीचा जिना किंवा स्टेडियमच्या पायऱ्या अर्धा-पाऊण तास चढाव्यात आणि उतरताना घाई करू नये, कारण गुडघे चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त दुखावतात. आठवड्यातून तीनदा पहाटे तासभर भरभर चालावे. उन्हाळ्यात सराव सुरू होत असल्याने सकाळी आठच्या आत तो आटोपलेला बरा. रविवारी लांब चाल ठेवावी. पहिल्या आठवड्यात आठ किलोमीटर, पुढे वाढवत वीसपर्यंत. सुरुवातीला पाठीवर दोन किलो वजन घ्यावे आणि शेवटी प्रत्यक्ष नेणार तेवढे, म्हणजे सात-आठ किलो. तुळजापूरचा घाट किंवा बार्शीपलीकडचा येडशीचा रामलिंग घाट हे सोलापुरातून एका दिवसात करण्यासारखे सराव आहेत.

कोरड्या रस्त्यावरचा सराव अपुरा पडतो. जून कोरडा गेला तरी ओल्याचा सराव घरच्या घरी करता येतो. बूट आणि मोजे बादलीत बुडवून, पिळून न काढता तसेच घालावेत आणि दोन तास चालून यावे. कुठे घासते, कुठे फोड येतो, तळवा आत सरकतो का, हे त्या दोन तासांत कळते. हीच गोष्ट करपेवाडीच्या चिखलात कळली, तर इलाज हाताशी नसतो. ज्यांना दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि नेहमीच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात.

काय भिजले तरी चालेल, काय मुळीच भिजू नये

पावसाळी पदभ्रमंतीत अंगावरचे कपडे भिजतात हे गृहीत धरावे. महागडा रेनकोट घातला तरी बाहेरून पाऊस आणि आतून घाम यांनी दोन तासांत माणूस ओला होतो. रेनकोट किंवा पोंचो वापरायचा तो वारा अडवण्यासाठी. मसाई पठारावर वाऱ्यामुळे छत्री निरुपयोगी ठरते. चालताना पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि तशीच ट्रॅकपँट घालावी. सुती कपडा आणि जीन्स टाळावी. सूत पाणी धरून ठेवते, जड होते आणि अंगाची ऊब खेचून घेते. याच कारणाने सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल, कितीही प्रिय असले, तरी घरीच ठेवावेत. भिजलेली चादर दोन दिवसांत वाळत नाही आणि पाठीवरचे ओझे मात्र दुप्पट होते. त्याऐवजी हलकी स्लीपिंग बॅग किंवा लोकरीची शाल न्यावी. लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब देते, धनगर पिढ्यान्पिढ्या पावसात घोंगडी पांघरतात त्यामागे हेच कारण आहे.

कोरडा संच हा या तयारीचा प्राण आहे. त्यात एक टीशर्ट, एक पँट, अंतर्वस्त्रे, लोकरीचे मोजे, कानटोपी आणि एक स्वेटर असावा. हा संच फक्त मुक्कामी, छपराखाली गेल्यावरच घालायचा. सकाळी पुन्हा कालचेच ओले कपडे अंगावर चढवायचे. हे नकोसे वाटते, पण पहाटे मोहाला बळी पडून कोरडे कपडे घालून निघणाऱ्याकडे संध्याकाळी बदलायला काहीच राहत नाही.

सॅक भरण्याची रीत अशी. आधी सॅकच्या आत खतासाठी किंवा बियाण्यासाठी वापरतात तशी जाड प्लास्टिकची मोठी, स्वच्छ आणि न वापरलेली पिशवी उघडून बसवावी. स्लीपिंग बॅग आणि कोरडा संच प्रत्येकी स्वतंत्र प्लास्टिकमध्ये बांधून तळाशी ठेवावेत. त्यावर शिधा, मग औषधे. शेवटी मोठ्या पिशवीतली हवा दाबून काढावी, तोंडाला पीळ द्यावा, पीळ दुमडून रबराने घट्ट बांधावा आणि मगच सॅक बंद करावी. सॅकवरच्या कव्हरवर विसंबू नये, ते झुडपांत फाटते आणि वाऱ्याने उडते. घरून निघण्याच्या आठवडाभर आधी आत वर्तमानपत्र ठेवून भरलेली सॅक नळाखाली पंधरा मिनिटे धरावी. कागद कोरडा निघाला तर बांधणी बरोबर आहे.

मोबाईल, पॉवरबँक, पैसे आणि ओळखपत्र झिपच्या दुहेरी पिशवीत असावे. वाटेवर बऱ्याच ठिकाणी रेंज मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि वाड्यांची नावे क्रमाने कागदावरही लिहून ठेवावीत. प्रत्येकाकडे हेडटॉर्च, जादा सेल, शिट्टी आणि एक काठी असलीच पाहिजे.

पायांची निगा

या वाटेवर माघार घ्यावी लागते ती बहुधा पायांमुळे. बूट नवे असू नयेत, किमान शंभरेक किलोमीटर वापरलेले असावेत. तळाला खोल खाचांचे रबर असावे, गुळगुळीत तळ शेवाळलेल्या जांभ्यावर क्षणात घसरतो. चामड्याचा बूट भिजला की वाळत नाही, कापडी-जाळीदार बुटातून पाणी आत येते तसे बाहेरही जाते. मुक्कामासाठी रबरी चप्पल वेगळी न्यावी.

दुपारच्या विश्रांतीत बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटे उघडे ठेवावेत आणि मोजे पिळून घालावेत. मुक्कामी पोचल्यावर पहिले काम पायांचे. स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह पुसावेत, पांढरी पडून सुरकुतलेली कातडी मोकळ्या हवेत वाळू द्यावी, मग टाचा आणि बोटांना व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळून कोरडे मोजे घालावेत. जांघा आणि काखांनाही सकाळी व्हॅसलिन लावले की काचत नाही. चालताना एखादी जागा चुरचुरू लागली तर तिथल्या तिथे थांबून पट्टी लावावी. पुढच्या वाडीत बघू म्हणेपर्यंत फोड आलेला असतो.

शिधा आणि पाणी

पावसात चूल पेटवणे कठीण जाते, त्यामुळे निम्मा शिधा न शिजवता खाता येईल असा असावा. इथे सोलापूरकर नशीबवान आहेत. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे टिकाऊ, हलके आणि पोटभरीचे खाणे घरातच आहे. कोरड्या हवेत महिनाभर टिकणारी कडक भाकरी सह्याद्रीच्या दमट हवेत मात्र एका रात्रीत मऊ पडते. एका वेळेला लागतील तेवढ्याच भाकऱ्यांची एकेक हवाबंद पुडी करावी आणि लागेल तेव्हाच फोडावी. जोडीला गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि दशम्या घ्याव्यात. दर तासाला मूठभर खाल्ले की अंगात ऊब टिकते. भूक लागण्याची वाट पाहू नये.

भोवताली पाणीच पाणी असल्याने तहान जाणवत नाही आणि माणसे दिवसभर पाण्याविना चालतात. संध्याकाळी डोके दुखते, पायांत गोळे येतात. दिवसाला किमान अडीच-तीन लिटर पाणी पोटात जाईल हे पाहावे. ओढ्याचे पाणी शेतांतून आणि गोठ्यांजवळून आलेले असते. ते फडक्यातून गाळून उकळावे किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून मग प्यावे.

ओढा, धुके आणि वीज

फुगलेला ओढा हा या वाटेवरचा सर्वांत मोठा धोका. पाणी गढूळ असेल, त्यातून फांद्या वाहत येत असतील किंवा आत दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर उतरू नये. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वेग असेल, तरीही उतरू नये. घाटमाथ्यावरचे छोटे ओढे जसे झपाट्याने चढतात तसेच, वरचा पाऊस थांबल्यावर, काही तासांत उतरतात. तेवढे थांबावे किंवा मागच्या वाडीत परतावे. ओलांडायचेच असेल तर पात्र रुंद आणि पाणी उथळ असलेली जागा शोधावी, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडावेत, बूट पायातच ठेवावेत, तोंड प्रवाहाकडे करून काठीचा तिसरा पाय करावा आणि एका वेळी एकच पाऊल उचलावे. तिघा-चौघांनी एकमेकांचे खांदे धरून जाणे जास्त सुरक्षित. हात धरून लांबलचक मानवी साखळी करण्यात धोका आहे, एक घसरला की बाकीचेही ओढले जातात.

धुक्यात पठारावर गट पांगू देऊ नये. वाट जाणणारा पुढे, दुसरा अनुभवी माणूस शेवटी आणि पुढचा-मागचा सोबती नजरेत, हा नियम पाळावा. सड्यावर पायवाट उमटत नाही, म्हणून जवळच्या वाडीतला वाटाड्या घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. चुकल्यासारखे वाटले तर जागीच थांबून तीनदा शिट्टी वाजवावी. विजा चमकू लागल्या तर उघडे पठार सोडून उतारावर यावे, एकट्या झाडाखाली उभे राहू नये. जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरनंतर विजांचा धोका अधिक असतो.

थंडी, जळवा, साप

बावीस अंश तापमानातही ओले कपडे आणि वारा यांनी अंगाची ऊब घसरू शकते. उन्हात वाढलेल्या माणसाला ही शक्यता खरी वाटत नाही, म्हणून लक्षणे सर्वांना आधीच सांगून ठेवावीत. आधी हुडहुडी भरते, मग बोटे काम करेनाशी होतात, बोलणे अडखळते, माणूस गप्प आणि चिडचिडा होतो. थरथर थांबली पण माणूस सुस्तावला, तर प्रकृती गंभीर आहे असे समजावे. त्याला आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत, शालीत गुंडाळावे आणि शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्यावा. दारू मुळीच देऊ नये.

झाडीत जळवा लागतात. त्या विषारी नसतात. नखाने तोंडाकडून हळूच सोडवून जखम धुवावी, जाळू किंवा ओढून तोडू नये. मोज्यांवर मिठाच्या पाण्याचा हात फिरवला तर त्या कमी चढतात. साप चावला तर चिरा देणे, रक्त चोखणे, घट्ट बांधणे यांतले काहीही करू नये. चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलून रस्त्यापर्यंत आणावे, 108 वर रुग्णवाहिका मागवावी आणि जवळचे सरकारी रुग्णालय, गरज पडल्यास कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय गाठावे. म्हणूनच प्रत्येक मुक्कामाहून जवळचा गाडीरस्ता कुठे आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवावे.

वाडीत राहताना

मुक्काम शाळेत, मंदिरात किंवा कुणाच्या पडवीत होतो. आधी फोन करून माणसांची संख्या कळवावी आणि जेवणाचे पैसे ठरवून घ्यावेत. जुलै हा भातलावणीचा महिना, घरातली सगळी माणसे दिवसभर चिखलात राबून आलेली असतात. रात्री गाणी-घोषणांनी त्यांची झोप मोडू नये. चालताना खाचराच्या बांधावरून एकामागे एक जावे आणि बांध ढासळू देऊ नये, कारण फुटलेल्या बांधातून लावलेले भात वाहून जाते. प्लास्टिकची प्रत्येक पुडी परत आणावी, ओढ्यात टाकलेली पुडी कासारीतून पंचगंगेपर्यंत जाते.

जाणे-येणे आणि नंतर

सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरजमार्गे कोल्हापूर आणि तिथून पन्हाळा असा प्रवास जवळजवळ पूर्ण दिवस खातो. रात्रभर बसमध्ये जागून पहाटे चालायला लागणे टाळावे. आदल्या संध्याकाळी पन्हाळ्यावर मुक्काम करून सकाळी सहाला निघावे. परतीसाठीही मोकळीक हवी. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरभोवतीचे रस्ते, पुणे-बंगळूर महामार्गासह, बंद पडले होते. घरच्यांकडे वाड्यांचा क्रम, मुक्काम, वाटाड्याचा फोन आणि गट कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत संपर्कात येईल याचा कागद द्यावा.

घरी आल्यावर बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत आणि सॅक उघडी करून उन्हात ठेवावी. अंगावरच्या खरचटलेल्या जागा रोज पाहाव्यात. चिखलपाण्यातून चालल्याने लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. त्याची लक्षणे साधारण एक-दोन आठवड्यांनी आणि क्वचित महिन्याभरानेही दिसतात. या काळात ताप, पिंढऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांकडे जाताना आपण पावसाळी पाण्यातून चालत आलो आहोत हे न विसरता सांगावे. सोलापुरात या आजाराचे रुग्ण विरळ असल्याने डॉक्टरांना तो लगेच सुचेलच असे नाही, आणि वेळेत उपचार मिळाले तर तो पूर्ण बरा होतो.